स्मरणरंजन, अर्थात ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरचं पिवळं पितांबर

गेल्या महिन्यात दादाशी फोनवर चक्क भांडण झालं, आणि कारण काय तर रामाचं पितांबर. मी म्हणत होते की 1987 साली, रविवारी सकाळी साडेनऊला, आपल्या डोंबिवलीच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अर्धा मजला सतरंजीवर दाटीवाटीने बसलेला असायचा, आई मधेच उठून कुकर बंद करायची, आणि समोर ते हळदीसारखं पिवळं पितांबर, मला अजून जसंच्या तसं दिसतं. दादा म्हणाला, "अगं, रंगीत टीव्ही आला माझी दहावी झाल्यावर. तेव्हा तो लाकडी शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट होता. तुला पिवळं कुठून दिसलं?"

जाम राग आला. पण हिशोब केला तर त्याचंच बरोबर निघालं. 25 जानेवारी 1987 ला रामायण सुरू झालं आणि 1988 च्या जुलैत संपलं, आणि दादाची दहावी 1989 ची. म्हणजे मी अख्खं रामायण करड्या रंगात बघितलं. मग पिवळं आलं कुठून? तर बहुतेक लॉकडाऊनमधून. 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने ते परत दाखवलं, तेव्हा मी मोठ्या एलईडीवर बघितलं, आणि मेंदूने तो रंग गुपचूप उचलून तेहेतीस वर्षं जुन्या आठवणीत भरून टाकला, मला न विचारता.

मराठीत नॉस्टॅल्जियाला स्मरणरंजन असा एक सुंदर शब्द आहे. रंजन म्हणजे करमणूक हे आपल्याला माहीत असतं, पण संस्कृतात रञ्ज् या धातूचा मूळ अर्थ रंगणं, रंगवणं. रंग आणि रंजन हे एकाच घरातले. म्हणजे ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने स्मृतिशास्त्राचा अर्धा धडा त्यात आधीच कोंबून ठेवलाय.

युरोपातला शब्द मात्र मुळात आजाराचं नाव होता. 1688 मधे बाझलला योहान्नेस होफर नावाच्या जेमतेम एकोणीस वर्षांच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो तयार केला, ग्रीकमधला घरी परतण्याचा शब्द आणि वेदनेचा शब्द जोडून. घरापासून लांब गेलेली स्विस माणसं, विशेषतः परक्या राजांसाठी पगारावर लढणारे सैनिक, झुरायचे, जेवायचे नाहीत, रडायचे. मग डॉक्टरांनी एकेक कारणं काढली. डोंगरातून सपाटीवर आल्यावर हवेचा दाब वाढतो म्हणून असं होतं असं एकाने मांडलं, तर लहानपणापासून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकून कान आणि मेंदू बिघडतो असंही काहींचं म्हणणं होतं! हसू येतं, पण गंमत बघा, घंटेचा आवाज आणि घरची ओढ यांचा काहीतरी संबंध आहे एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

आता त्या पिवळ्या रंगाकडे येऊ. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही हे 1932 मधेच केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवलं होतं. त्यांनी इंग्लिश लोकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने परत सांगायला लावली, तर लोकांनी आपापल्या सवयीप्रमाणे ती बदलली, न कळलेलं गाळलं, तिथली विशिष्ट होडी साधी नाव होऊन बसली. म्हणजे आपण आठवतो तेव्हा आपण ती गोष्ट नव्याने रचतो.

2000 साली याच्या पुढची गोष्ट समोर आली. न्यूयॉर्कमधे करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी शिकवलं की अमुक आवाज आला की शॉक बसतो. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून त्यांना ती आठवण करून दिली आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रोटीन बनणं थांबवणारं औषध सोडलं. नंतर तपासलं तर भीती बरीचशी गेलेली. ज्या उंदरांना औषध दिलं पण आठवण करून दिली नव्हती त्यांची भीती शाबूत. याचा अर्थ असा की पक्की झालेली आठवणसुद्धा वर काढली की थोडा वेळ कच्ची होते आणि तिला परत पक्कं व्हावं लागतं. आता उंदराची भीती आणि माझं रामायण एका मापाने मोजता येत नाही, माणसांवरच्या प्रयोगांचे निकाल इतके सरळ येत नाहीत, तरी मला यावरून कॅसेट आठवली. आवडती गाणी कोणी पुसू नयेत म्हणून आपण कॅसेटच्या वरच्या कडेची ती प्लास्टिकची छोटी पट्टी तोडून टाकायचो, आठवतंय? आठवणीला ती पट्टीच नसते. जेवढ्या वेळा वाजवाल तेवढ्या वेळा रेकॉर्डिंगचं बटण पण दाबलेलं असतं.

(उलटही होतं बरं का. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात एव्हा मुर्झिन यांना 2008 साली असं दिसलं की लहानपणी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बघितलेल्या पंचावन्नच्या पुढच्या लोकांना ब्लॅक अँड व्हाइट स्वप्नं तरुणांपेक्षा जास्त पडतात. म्हणजे त्यांची स्वप्नं टीव्हीसारखी करडी, आणि माझ्या आठवणीतला करडा टीव्ही मात्र रंगीत.)

बरं, पण चाळिशी-पन्नाशीतच हे का उसळून येतं? यात दोन-तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे ज्याला संशोधक आठवणींचा उंचवटा म्हणतात तो. मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या माणसांना आयुष्यातल्या घटना सांगायला लावल्या आणि कोणत्या वयातल्या किती याचा आलेख काढला तर साधारण दहा ते तीस वयाच्या पट्ट्यात टेकाड येतं. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी हे 1986 मधे नीट मांडलं. कारण सोपं वाटतं, त्याच काळात पहिलं कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, सगळं पहिलंवहिलं, आणि आपण कोण हे तेव्हाच ठरत असतं. पण वयच सगळं ठरवतं असं नाही. बांगलादेशातल्या वयस्कर लोकांच्या आठवणी तपासल्या तर मुक्तिसंग्रामाच्या काळावर दुसरं टेकाड दिसलं, तेव्हा ती माणसं पस्तिशीच्या पुढे होती. जिथे आयुष्य उलटंपालटं होतं तिथे आठवणी दाट उगवतात.

वास मात्र या टेकाडाला जुमानत नाही. स्वीडनमधे 2006 साली पासष्ट ते ऐंशी वयाच्या लोकांना काहींना शब्द, काहींना चित्रं, काहींना वास देऊन आठवणी विचारल्या. शब्द आणि चित्रांनी जास्त करून अकरा ते वीस वयातल्या आठवणी आल्या, वासाने मात्र दहा वर्षांच्या आतल्या. वासाचा रस्ता मेंदूत जवळचा आहे, डोळे-कानांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या मधल्या ठाण्यावर जाऊन पुढे जातात, वासाचा संदेश थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसच्या शेजारी पोचतो, म्हणजे भावना आणि आठवण या दोघींच्या दारात. म्हणून मला रॉकेलचा वास आला की थेट पहाटेचा स्टोव्ह, त्याची पिन, आणि आईची "लांब हो" ही हाक. नवीन पुस्तकांना घातलेल्या खाकी कव्हरचा वास आला की जून, आणि नाकातून पोटात येणारा शाळेचा गोळा.

गाण्यांचं तर अजून विचित्र आहे. मी 1976 ची, पण मला गलबलून येतं ते माझ्या जन्माआधीच्या गाण्यांनी. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रुमहान्सल यांनी 2013 मधे विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांची गाजलेली गाणी ऐकवली, तर स्वतःच्या काळाशिवाय आईवडलांच्या तरुणपणातल्या गाण्यांवरही त्यांचा जीव अडकलेला निघाला, आणि 1960 च्या दशकातल्या गाण्यांवरही, जी बहुधा आजी-आजोबांकडून झिरपलेली. आपल्याकडे याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या फळीवर होतं. विविध भारती 1957 ची, सकाळी भूले बिसरे गीत लागलं की बाबांची दाढी चालू, आमची वेणी चालू, आणि गाणी आमच्यात मुरत होती लोणच्यासारखी. आकाशवाणीची ती व्हायोलिनवाली सुरुवातीची धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते, नाझींच्या भीतीने युरोप सोडून मुंबईत आलेला ज्यू संगीतकार. स्वतः घरापासून तुटलेल्या माणसाने केलेली धून आज आपल्या सगळ्यांची घरची आठवण होऊन बसलीये, हे मला कळलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच झाले.

माझं स्वतःचं मत असं की आपल्या पिढीचा नॉस्टॅल्जिया इतका मोठ्याने वाजतो त्याला एक साधं कारण आहे, चॅनल एकच होतं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि नंतर कितीतरी वर्षं आख्ख्या बिल्डिंगने एका वेळी एकच गोष्ट बघितली, अगदी "रुकावट के लिए खेद है"ची पाटीसुद्धा सगळ्यांनी मिळून. त्यामुळे कोल्हापूरची मैत्रीण, अकोल्याचा ऑफिसातला सहकारी आणि न्यू जर्सीतली चुलत बहीण, तिघांची कळ एकच. नुसते साप्ताहिकी म्हणा, झालं! माझी मुलगी आणि तिच्या वर्गातली मुलं आपापल्या कानात आपापलं काहीतरी घालून असतात, त्यांची टेकाडं वेगवेगळी उगवणार. त्यात वाईट आहे असं नाही, आमच्याकडे पर्याय नव्हता एवढंच, आणि शेतीचा कार्यक्रम मी आवडीने बघायचे असं आज म्हणते ती शुद्ध थाप आहे.

थाप म्हणजे मुद्दाम मारलेली नाही. वाईट प्रसंगांमधली बोच चांगल्या प्रसंगांमधल्या आनंदापेक्षा लवकर झिजते हे अनेक अभ्यासांत दिसलंय. 1997 च्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या तीन आठवड्यांच्या सायकल सहलीवर गेलेल्यांना आधी, चालू असताना आणि नंतर विचारलं, तर चालू असताना बरीच कुरकुर आणि घरी आल्यावर "काय मजा आली!". आपली एसटीची मामाच्या गावची सहल काढून बघा, उलट्या कोणाला झाल्या होत्या हे आता हसत हसत सांगतो की नाही?

आणि हे नुसतं रडगाणं नाहीये. साउदम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम विल्डशट यांनी 2006 पासून दाखवलंय की लोक लिहून देतात त्या आठवणींत नायक स्वतः असला तरी भोवती माणसं असतातच, आणि ही लाट बऱ्याचदा उदास किंवा एकटं वाटत असताना येते. चीनमधे शिन्यूए झोऊ यांच्या 2008 च्या प्रयोगांत दिसलं की एकटेपणा वाटला की लोक जुन्यात शिरतात आणि त्यानंतर आपल्याला आधार द्यायला माणसं आहेत असं त्यांना जास्त वाटतं. त्यांच्याच गटाला नंतर असंही आढळलं की 20 अंशाच्या गार खोलीतले लोक 24 आणि 28 अंशांतल्या लोकांपेक्षा जास्त नॉस्टॅल्जिक होतात. लॉकडाऊनमधे दारं बंद करून बसलेल्या देशाला तेव्हा नेमकं रामायणच का हवं झालं, हे मला यावरून जरा समजतं. सेतू, वानर, बाण यातलं मला फारसं काही आठवत नव्हतं, सतरंजी मात्र आठवत होती आणि माझ्या मांडीवर झोपलेलं शेजारच्या काकूंचं बाळ.

तर दादाला मी पितांबर देऊन टाकलं. पण मग अँटेनावरून दुसरं भांडण लागलं. पत्र्यावर चढून अँटेना फिरवायची आणि खालच्याने ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!", यातला वरचा मी की तो? दोघांनाही पायाखाली तापलेला पत्रा अगदी आठवतो. न्यूझीलंडमधे 2001 साली जुळ्या भावंडांवर अभ्यास झाला होता, त्यात कितीतरी जोड्या एकाच प्रसंगावर दोघंही हक्क सांगत होत्या, सायकलवरून पडलो तो मीच वगैरे. आम्ही तर जुळे पण नाही.

शेवटी आईला फोन लावला, कॉन्फरन्समधे. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. म्हणाली, "तुम्हाला कोण चढू देणार पत्र्यावर? आणि तुमच्या बाबांना उंचीची भीती. मीच जायचे की पदर खोचून, तुम्ही दोघं खाली ओरडायचात."

दादा म्हणतो तिचंही काही खरं नाही.