आधी मॅनेजर, मग कार्यक्रम? उलटं आहे

"मॅनेजर असल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही," असं कोल्हापुरातली गाणारी-वाजवणारी पोरं एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलीत. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाखाँना आश्रय दिला, त्या गावाला आश्रयदात्याची वाट बघायची सवय असेलही. पण मॅनेजर म्हणजे आश्रयदाता नव्हे. तो तुमच्या कमाईतली टक्केवारी घेतो, साधारण १५ ते २०. कमाईच नसेल तर तो कशाला येईल? म्हणूनच "आधी पैसे भरा, मुंबईत नाव करून देतो" म्हणणारा बहुधा तुमच्याच खिशावर जगतो.

आयोजकाला लागतं ते साधंच: प्रेक्षकांसमोर गायल्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ (स्टुडिओतला चकाचक नको, त्यात खरा आवाज कळत नाही), वाजवणारे किती, माईक किती, मानधन किती, फोन नंबर. एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजात मावतं. नुसतं "सर, संधी द्या" लिहिलं तर गणपती मंडळसुद्धा उत्तर देत नाही.

स्पॉटिफायवर गाणं चढवायलाही मॅनेजर लागत नाही; डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे गाणी अशा अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवेचं खातं पुरतं. स्वतः चाली बांधत असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा लेबलला (गाणी काढणाऱ्या कंपनीला) लिहून देता येत नाही.