कॅलसेव्हर्स: हाताखाली एक जरी कामगार असला तरी

कॅलिफोर्नियात तुमच्याकडे १८ वर्षांवरचा एक जरी माणूस पगारावर असेल आणि धंद्याची स्वतःची निवृत्ती योजना नसेल, तर राज्याच्या कॅलसेव्हर्स या निवृत्ती बचत योजनेत नोंदणी करणं बंधनकारक आहे. २०१९ साली योजना सुरू झाली तेव्हा नोंदणीची सक्ती आधी मोठ्या धंद्यांवर आली. एक ते चार कामगार असणाऱ्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. मालक एकटाच राबत असेल, तर मात्र हे लागू नाही.

आमच्याकडे पगाराचा हिशोब देणारे ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "आमच्या खिशातून किती जाणार?" काहीच नाही. मालकाला शुल्क नाही, आणि स्वतःची भर घालायची म्हटली तरी घालता येत नाही. तुमचं काम एवढंच: कामगारांची नावं योजनेला कळवायची आणि पगारातून कापलेले पैसे वेळेवर भरायचे.

कामगाराने ३० दिवसांत काही कळवलं नाही, तर पगाराच्या ५ टक्के कपात सुरू होते आणि दरवर्षी एकेक टक्का वाढत ८ वर थांबते. आठवड्याला ८०० डॉलर मिळवणाऱ्याचे ४० डॉलर वेगळे पडतात. पहिल्या पगारचिठ्ठीवर तो आकडा दिसला की माणूस हमखास विचारायला येतो. त्याला नीट सांगा: खातं त्याच्या नावावर आहे, नोकरी बदलली तरी त्याच्यासोबत जातं, टक्का कमी करता येतो, कधीही बाहेर पडता येतं. हे रॉथ आयआरए प्रकारचं वैयक्तिक निवृत्ती बचत खातं आहे, म्हणजे पैसे कर भरून झाल्यावर जातात. त्यामुळे स्वतः घातलेली रक्कम अडीनडीला कर किंवा दंड न भरता काढता येते. अटी आहेत त्या गुंतवणुकीतून झालेल्या वाढीवर. मात्र राज्य सरकार यात पैसे घालत नाही आणि परताव्याची हमीही देत नाही.

इथे एक पथ्य पाळा. वडीलकीच्या नात्याने "राहा" किंवा "नको" असं सांगावंसं वाटेल, पण मालकाने तसा सल्ला द्यायचा नसतो. निर्णय त्याचा.

सहा कामगार असलेल्या आमच्या एका ग्राहकाने नोंदणी न केल्याची कॅलसेव्हर्सची नोटीस जाहिरात समजून बिलांच्या गठ्ठ्यात टाकली होती. हिशोबाचे कागद चाळताना आमच्या हाती लागली तेव्हा नव्वद दिवस भरायला थोडेच उरले होते. नोटिशीनंतर ९० दिवस उलटले तर माणशी २५० डॉलर दंड, १८० उलटले तर आणखी ५००. सहा जणांचे साडेचार हजार झाले असते. एका नोंदणीपायी!

तुमची स्वतःची ४०१(के) योजना (मालकाने कामगारांसाठी चालवलेली निवृत्ती योजना) असेल तर नोंदणी नको, पण सूट मागून घ्यावी लागते. पत्र फेकलं की सूट मिळत नाही. इलिनॉयमध्ये दुसरी शाखा असेल तर तिथे त्या राज्याच्या वेगळ्या योजनेची पाच कामगारांपासून आणि धंद्याला दोन वर्षं झाल्यावर सक्ती आहे.

पत्र आलं की त्याच दिवशी फोटो काढून आम्हाला पाठवा. त्यावरचा प्रवेश संकेतांक आणि तुमचा मालक ओळख क्रमांक नोंदणीसाठी लागतो.