कन्व्हर्टर आणि गेटवे: लिप्यंतर की भाषांतर?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात जुने यंत्र नव्या पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाला) जोडायचे निघाले की ‘मधे एक डबी लावा’ असे सहज सांगितले जाते. ती डबी कन्व्हर्टर असावी की गेटवे, हा प्रश्न बहुधा खरेदीनंतर पडतो.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला हा फरक गायकवाडी दप्तरावरून चटकन कळेल. मोडी कागद बाळबोधीत उतरवला तर अक्षरे बदलतात, मराठी तीच राहते. तोच कागद गुजरातीत न्यायचा तर मजकुराचा अर्थ जाणणारा माणूस लागतो. कन्व्हर्टर पहिले काम करतो, गेटवे दुसरे.

समजा, एक ऊर्जामापक आरएस-४८५ या सीरियल तारजोडणीवर मॉडबस आरटीयू ही यंत्रांची भाषा बोलतो. साधा सीरियल-इथरनेट कन्व्हर्टर त्याचे बाइट जसेच्या तसे इथरनेटवर चढवतो. पलीकडे स्काडामध्ये (देखरेखीच्या संगणक-प्रणालीत) मॉडबसचे इथरनेटवरचे रूप, मॉडबस टीसीपी, निवडलेले असेल, तर केबल, आयपी आणि दिवे सगळे ठीक असूनही संवाद जुळत नाही. कारण आरटीयूच्या शेवटी असणारा दोन बाइटांचा सीआरसी (चूक पकडणारा आकडा) टीसीपीत नसतो आणि टीसीपीला लागणारा सात बाइटांचा हेडर (संदेशाच्या सुरुवातीचा भाग) आरटीयूत नसतो. एवढीच अदलाबदल करणाऱ्या डबीलाही बाजारात गेटवेच म्हणतात. रजिस्टरांतल्या (यंत्राच्या मेमरीतल्या क्रमांकित कप्प्यांतल्या) आकड्यांचा अर्थ ती पाहत नाही, म्हणून माझ्या मते ती लिप्यंतराच्याच जवळची आहे.

खरे भाषांतर मॉडबस आणि प्रोफिबस डीपी ही यंत्रांची दुसरी भाषा यांच्यामध्ये लागते. दोन्ही आरएस-४८५ वर चालतात, पण तार एक असली तरी भाषा वेगळी. येथे गेटवे एका बाजूने रजिस्टरे वाचून स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि दुसऱ्या बाजूने प्रोफिबस मास्टरला (त्या बाजूचा संवाद चालवणाऱ्या पीएलसीला) इनपुट म्हणून देतो. कोणते रजिस्टर कोणत्या बाइटवर जाईल, हे कुणीतरी बसून ठरवावे लागते. ४०००१ क्रमांकाच्या रजिस्टरचा संदेशातला प्रत्यक्ष पत्ता शून्य असल्याचा विसर पडणे किंवा ३२ बिटांच्या आकड्याचे दोन वर्ड (१६-१६ बिटांचे तुकडे) उलटे लागणे, असे घोळ तिथेच होतात.

कन्व्हर्टरमागचे यंत्र बंद पडले तर टाइमआउट दिसतो. गेटवेच्या मेमरीत मात्र शेवटचा आकडा तसाच राहू शकतो आणि भट्टीचे तापमान स्थिर असल्याचा भास पीएलसीला होतो. संपर्क तुटताच आकडा शून्य करण्याची सोय असते. पण तापमान शून्य दिसले तर पीएलसी हीटर पूर्ण जोराने लावील. त्यामुळे आकड्यासोबत संपर्काचा स्टेटस बिटही (संपर्क आहे की नाही हे सांगणारी खूण) पीएलसीत घ्यावा आणि संपर्क तुटल्याचे त्यावरून कळताच हीटर आपोआप बंद होईल असे इंटरलॉक ठेवावे.