नवीन वस्तीत शाळा हवीये? अर्ज कुठे द्यायचा, कागद कोणते जोडायचे

रत्नागिरी शहर आता नगरपरिषदेच्या हद्दीत मावत नाही, कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव सगळीकडे बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, चिपळूणला खेर्डीचं तेच. फ्लॅट बघताना लोक पाणी विचारतात, पार्किंग विचारतात, शाळेचं मात्र पोरगं पहिलीला आलं की आठवतं आणि तोवर जवळची शाळा भरलेली असते. गंमत बघा, याच जिल्ह्यात आतल्या वाड्यांवरच्या शाळांना पट मिळत नाही, त्यामुळे जिल्ह्याची बेरीज केली की जागा भरपूर दिसतात. आपल्या वस्तीत जागा कमी आहेत हे आकड्यांनी दाखवावं लागतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की रहिवाशांनी स्वतः यादी केल्याशिवाय ते होत नाही.

आधी हद्द बघा. पत्त्यात रत्नागिरी लिहिता म्हणून नगरपरिषद जबाबदार असं नाही, घरपट्टीची पावती काढा. ग्रामपंचायतीची असेल तर शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकारी. नगरपंचायतीत राहत असाल तर दोन्हीकडे द्या, कारण तिथल्या शाळा बऱ्याचदा जिल्हा परिषदच चालवते. चुकीच्या दारात दिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि तेवढ्यात जून उजाडतो.

आता पात्रता. शिक्षण हक्क कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010ला, महाराष्ट्राचे नियम 2011चे. पहिली ते पाचवीसाठी चालत 1 किलोमीटरच्या आत शाळा हवी आणि तिथे यायला तयार असलेली 6 ते 11 वयाची निदान 20 मुलं हवीत. सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर, आणि आजूबाजूच्या प्राथमिक शाळांच्या पाचवीत मिळून निदान 20 मुलं. अंतर नकाशावर सरळ रेघ मारून सांगतात, ते मान्य करू नका, पोर जिथून चालतं तो रस्ता मोजा. मधे हायवे असेल, किंवा जुलैत पऱ्या (ओढा) भरून साकव पाण्याखाली जात असेल तर पावसातला फोटो जोडा, कारण दरड, पूर, रस्ता नसणं अशा धोक्यांमुळे अंतराची मर्यादा कमी करायची असं 2010च्या केंद्रीय नियमांतही आहे.

शाळा 1 किलोमीटरच्या आतच आहे पण भरलेली आहे, तर नवीन शाळा मागू नका, अंतराच्या मुद्द्यावर अर्ज परत येईल. तिथे वर्गखोली आणि शिक्षक मागायचे. पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90ला 3, 91 ते 120ला 4, सहावी ते आठवीत 35 मुलांमागे 1, आणि दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, हे कायद्याच्या अनुसूचीतच आहे. मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून गेली तर वजन पडतं, त्या समितीत 75 टक्के पालकच असतात आणि शाळा विकास आराखडा, ज्यात पुढच्या वर्षांचा इयत्तावार पट धरायचा असतो, तो तीच करते. अजून एक गोष्ट, शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर ते ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. ऑक्टोबरात नाव घातलेलं पोर त्या वर्षीच्या हिशोबात येत नाही, आणि आधार जुळलेलं नसेल तरी घोळ होतो, तेव्हा नावं वेळेत घाला आणि आधार जुळतंय ना ते बघा.

कागदांमध्ये सगळ्यात महत्त्वाची ही मुलांची यादी. नाव, जन्मतारीख, घर नंबर, सध्या कुठल्या शाळेत जातो, घरापासून चालत किती, आणि पालकांची सही की इथे शाळा झाली तर मूल घालू. सोबत जन्मदाखल्याची झेरॉक्स, नसेल तर अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचं स्वयंघोषणापत्र. अंगणवाडीताईंना जरूर भेटा, त्यांच्या रजिस्टरात पुढची तीन-चार वर्षं पहिलीत येणारी मुलं आधीच नोंदवलेली असतात, तेवढा एक तक्ता जोडलात तर मागणी फक्त यंदाची राहत नाही. आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी कुटुंबांची आणि बंदरावरच्या खलाशांची पोरं यादीतून गळतात, त्यांना घ्या, कारण स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हा परिषद किंवा नगरपरिषदेची, जबाबदारी आहे. यादीसोबत हाताने काढलेला नकाशा, आजूबाजूच्या शाळांची नावं आणि यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख नंबर), ग्रामसभेचा ठराव, आणि गावठाणातली किंवा सरकारी जागा सुचवत असाल तर तिचा सातबारा. सगळं दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, पुढचा सगळा पाठपुरावा त्या नंबरावरच चालतो.

हे होईपर्यंत पोरगं घरी ठेवायचं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेतून बदलून येताना जुन्या शाळेकडून टीसी उशिरा आली म्हणूनही अडवता येत नाही (कलम 5).

उत्तरच आलं नाही तर कलम 32 खाली लेखी तक्रार करा, स्थानिक प्राधिकरणाने 3 महिन्यांत निकाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

आणि शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की 30 दिवसांत हरकत-सूचना देता येते, तेव्हा आपल्या भागात शाळेचं आरक्षण आहे का ते नकाशावर बोट ठेवून बघा. आरक्षण असूनही आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या 24 महिन्यांत काही हालचाल झाली नाही की ते आरक्षण रद्द होतं, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम 127. त्यामुळे तुमच्या भागातल्या आरक्षित प्लॉटचं भूसंपादन कुठवर आलंय हे माहितीच्या अधिकारात आत्ताच विचारा, अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.