ऑपरेशनआधीची तयारी आणि सेडेशनमधली देखरेख, दोन्ही एकच समजू नका

नवीन सिस्टर ड्युटीला आल्या की हा गोंधळ हमखास होतो, ऑपरेशनआधी पेशंट तयार करणं आणि सेडेशन (औषधाने आणलेली गुंगी) चालू असताना त्याच्यापाशी थांबणं म्हणजे एकच काम, कारण बीपी, पल्स, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) दोन्हीकडे घ्यायचंच असतं. पण पहिलं काम विचारायचं आहे आणि दुसरं बघत राहायचं.

आता विचारायचं कसं ते बघा. "काही खाल्लं नाही ना?" म्हटलं की पेशंट "नाही" म्हणणारच, आपणच उत्तर तोंडात दिलं ना. त्यापेक्षा "पोटात शेवटचं काय गेलं, किती वाजता?" असं विचारा, मग कळतं की सकाळी गोळीबरोबर कपभर दूध घेतलंय. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाला हलक्या खाण्यासारखे ६ तास धरतात आणि तेलकट, जड जेवणाला ८ किंवा जास्तच, कारण गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. नावही आपण नाही सांगायचं, पेशंटला सांगू द्यायचं आणि हातातल्या पट्टीशी जुळवायचं. अॅलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कवळी, हलणारा दात, हे सगळं इथेच. काही खटकलं तर लगेच सर्जन आणि भूलतज्ज्ञांना सांगा, अजून थांबता येतं.

कन्सेंटचं, म्हणजे पेशंटच्या लेखी संमतीचं, पण नीट समजून घ्या, ऑपरेशन समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं, आपण सही झालीये का आणि पेशंटच्या मनात काही शंका राहिलीये का ते बघायचं, आणि हे गुंगीचं औषध द्यायच्या आधी. भीती कमी व्हावी म्हणून आधी गोळी देतात ना, तिथे ही दोन कामं खरी मिसळतात, कारण गोळी दिली की हलकं सेडेशन सुरू झालंच, मग कठडे वर करायचे आणि पेशंटला बाथरूमला एकट्याने सोडायचं नाही.

सेडेशनमध्ये मात्र थांबायला वेळ नसतो. मिडाझोलाम (गुंगीचं औषध) आणि फेंटानिल (जोरदार वेदनाशामक) एकत्र दिलं की श्वास मंदावण्याची भीती जास्त, आणि मध्यम सेडेशन ठरवलेलं असलं तरी पेशंट बघता बघता खोल जाऊ शकतो. हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की डोळे उघडून सांगितलेलं करतोय म्हणजे मध्यम. नुसतं दुखल्यावर हात मागे घेतला तर तो प्रतिसाद धरू नका! आणि घोरणं ऐकून "छान झोप लागलीये" कधीच म्हणू नका, घोरतोय म्हणजे श्वासाची वाट अर्धी बंद आहे. कधी तर छाती हलताना दिसते पण मास्कवर वाफ धरत नाही, तेव्हा हनुवटी वर उचलायची, हाक मारायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. सॅच्युरेशन ९८ दिसतंय म्हणून निवांत राहू नका, ऑक्सिजन चालू असला की श्वास थांबल्यावरही तो आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, कॅप्नोग्राफी (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं) ते आधी पकडते. दर ५ मिनिटांनी नोंद करायची, पण नजर पेशंटवर. म्हणून मला मनापासून वाटतं की सेडेशन बघणाऱ्या सिस्टरला "जरा ते सामान दे गं" असं कोणी म्हणू नये, आणि सेडेशन खोल असेल तर तिला दुसरं कुठलंच काम नको.

अजून एक, फ्लुमाझेनिल (मिडाझोलामवरचा उतारा) दिलं आणि पेशंट बोलायला लागला की सगळे पांगतात. पण त्याचा असर मिडाझोलामच्या आधी उतरतो, फेंटानिलवरचा उतारा नालोक्सोन, त्याचंही तसंच होऊ शकतं, त्यामुळे पेशंट परत गुंगीत जाऊ शकतो, म्हणून उतारा दिलेल्या पेशंटपाशी उलट जास्त वेळ बसायचं.