नारळाने दर्या शांत होतो का?

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिला की दर्या शांत होतो, असं लहानपणापासून ऐकत आलोय. तसं नाही. जून-जुलैत नैर्ऋत्येचे वारे जोरात असतात, म्हणून समुद्र खवळतो. ऑगस्टमध्ये त्यांचा जोर ओसरू लागतो आणि लाटाही उतरतात. वारा तिथी बघत नाही. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ही पौर्णिमा थेट ऑगस्टअखेरीस आली, २०२५ मध्ये पहिल्या पंधरवड्यातच. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरची बंदी मात्र १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ त्यातच येतो.

मग नारळ वाहणारे भोळे? मला तसं अजिबात वाटत नाही. दर्या आपल्या हातातला नाही, हे कोळ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तो नारळ म्हणजे त्याची कबुली आहे.

दुसरा गैरसमज जास्त बोचतो: पावसाळ्यात मच्छीमार बसून खातो. होडी वर ओढून झापांनी शाकारायची, लाकूड तपासायचं, इंजिन खोलायचं, ही कामं कोण करतं? आमच्या शेजारच्या काकांना गुडघ्यांमुळे होडीवर जाता येत नाही. ते पडवीत बसतात, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतात आणि फाटलेला एकेक डोळा सुतानं भरून काढतात. नातू शेजारी बसून गाठ शिकतो. सैल पडली की काका न बोलता ती सोडवतात, सूत परत त्याच्या हातात देतात.