मोठ्या कानांचा चषक आणि मालकांची थैली

३१ मे २०२५ च्या रात्री म्युनिकमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवला. फुटबॉलच्या युरोपियन चषकाच्या, म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगच्या, अंतिम सामन्यात इतक्या फरकाने त्याआधी कुणीही जिंकलं नव्हतं. कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या पैशातून २०११ मध्ये घेतलेल्या या क्लबला तो मोठ्या कानांचा (म्हणजे मुठींचा) चषक हाती यायला चौदा वर्षं लागली. गंमत म्हणजे चेल्सीने आपला पहिला युरोपियन चषक २०१२ मध्ये म्युनिकमध्येच उचलला होता, आणि मार्सेलनेही १९९३ मध्ये याच शहरात. मालकाच्या थैलीवर उभे राहिलेले तीन क्लब, तिघांचे पहिले चषक, शहर एकच. तेही जर्मनीतलं, जिथे क्लबमधले निम्म्याहून जास्त मताधिकार सभासदांकडेच राहावेत असा नियम आहे. तिथे एखाद्या शेखला किंवा तेलसम्राटाला क्लब सहजी खिशात घालता येत नाही.

पॅरिस जिंकलं आणि जुना वाद पुन्हा निघाला: पैसा ओतून युरोप जिंकता येतो का? दाम करी काम, असं आपण म्हणतो खरं. पण या चषकाच्या बाबतीत दाम नेमकं कोणतं काम करतो, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागेल. माझं मत आधीच सांगून टाकतो. मालकाला पैशाने फार तर दरवर्षी पुन्हा रांगेत उभं राहण्याची ऐपत मिळते. ती रांग किती लांब, हे त्या त्या काळाचे नियम ठरवत आले आहेत.

स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली आणि पहिली पाचही वर्षं रेआल माद्रिद जिंकलं. २०२४ पर्यंत त्यांचे चषक झाले पंधरा. या क्लबला मालकच नाही. तो सभासदांचा आहे आणि अध्यक्ष मतदानाने निवडला जातो. पैसा त्यांच्याकडेही अफाट आहे, पण एका माणसाच्या खिशातला नाही. उलट युव्हेंटस पाहा. फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याकडे हा क्लब १९२३ पासून आहे. देशात त्यांनी विजेतेपदांची रास लावली, युरोपियन चषक मात्र दोनच, आणि हरलेले अंतिम सामने सात.

मिलानमध्ये तेलाच्या धंद्यातल्या अँजेलो मोराट्टीने १९५५ मध्ये इंटर घेतला. पहिली काही वर्षं प्रशिक्षक आले नि गेले, हाती काही लागलं नाही. १९६० मध्ये बार्सिलोनाहून एलेनिओ एरेराला आणलं, तेव्हा गाडी रुळावर आली. १९६४ आणि १९६५ असे सलग दोन चषक. म्हणजे नऊ वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा.

बर्लुस्कोनीला मात्र घाई होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याने डबघाईला आलेला एसी मिलान घेतला, आणि त्याच उन्हाळ्यात संघाची ओळख करून देताना खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून मैदानात उतरवलं. टीव्ही वाहिन्यांच्या मालकाला शोभेसंच. मे १९८९ मध्ये बार्सिलोनात मिलानने स्टेउआ बुखारेस्टला ४-० हरवलं, पुढच्या वर्षी बेन्फिकाला. फक्त तीन वर्षांत चषक! धनिक मालकांच्या इतिहासात इतकी झटपट वसुली अपवादानेच झाली असेल, म्हणून ती कशी झाली ते नीट बघण्यासारखं आहे.

खुलिट, फान बास्टेन आणि राइकार्ड हे डच त्रिकूट पैशानेच आलं, यात वाद नाही. पण बारेसी, माल्दिनी, कोस्ताकुर्ता हे मिलानच्याच अंगणात वाढलेले. नव्या मालकाला ते वारशात मिळाले. प्रशिक्षक आरिगो साक्की तर कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेलाच नव्हता. दुसऱ्या श्रेणीतल्या त्याच्या पार्मा संघाने इटालियन चषकात मिलानला हरवलं आणि बर्लुस्कोनीने हरवणाऱ्यालाच उचलून आणलं. माझ्या लेखी त्याची सर्वांत चांगली खरेदी हीच. त्यातून हेझेल दुर्घटनेमुळे (ब्रसेल्सच्या मैदानातली प्रेक्षकांची प्राणघातक दंगल) इंग्लिश क्लबांवर १९८५ ते १९९० युरोपबंदी होती. १९७७ ते १९८४ या आठ वर्षांत सात वेळा चषक नेणारे लोक स्पर्धेतच नव्हते.

आणि वर धुकं. नोव्हेंबर १९८८ मध्ये दुसऱ्या फेरीच्या परतीच्या सामन्यात रेड स्टार हा प्रतिस्पर्धी संघ घरच्या बेलग्रेडमध्ये १-० ने पुढे होता, मिलानचा एक खेळाडू बाहेर काढला गेला होता, आणि मैदानावर इतकं धुकं उतरलं की पंचांनी खेळ थांबवला. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी सामना पहिल्यापासून. तो १-१ सुटला आणि मिलान पेनल्टींवर वाचलं. ते धुकं तासभर उशिरा आलं असतं, तर आज साक्कीच्या संघाच्या आख्यायिका सांगायला कुणी बसलं असतं का, कोण जाणे.

हा काळ संपला तो दोन टप्प्यांत. तोवर युरोपीय स्पर्धेत फक्त देशोदेशीचे विजेते खेळत, सगळं बाद पद्धतीने. एक वाईट रात्र की वर्ष बुडालं, आणि पुन्हा यायचं तर आधी आपल्या देशाची लीग जिंका. १९९२ मध्ये चॅम्पियन्स लीग हे नाव आलं, १९९७ पासून मोठ्या देशांच्या उपविजेत्यांना दार उघडलं, आणि १९९९ पासून त्यांचे चारपर्यंत क्लब येऊ लागले. मधल्या काळात, डिसेंबर १९९५ मध्ये, बॉसमन खटल्याचा निकाल लागला. त्याआधी युरोपीय सामन्यात तीन परदेशी आणि त्या देशात बरीच वर्षं काढलेले आणखी दोन, एवढेच चालत. १९९४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला याच हिशेबापायी श्मायकेलसारखा गोलरक्षक बाहेर बसवून बार्सिलोनात उतरावं लागलं. खाल्ले चार. निकालानंतर युरोपीय संघातल्या खेळाडूंवरचं हे बंधन गेलं. मालकाला हवे तितके तारे घेता येऊ लागले आणि लीग न जिंकताही दरवर्षी स्पर्धेत शिरता येऊ लागलं. अडचण एवढीच की शेजारच्या मालकालाही हे सगळं करता येत होतं.

या बदलाच्या अलीकडच्या काठावर दोन मालक उभे होते. एक फ्रेंच उद्योगपती बर्नार तापी. त्याच्या मार्सेलने १९९३ मध्ये मिलानला १-० हरवलं, पण सहाच दिवस आधीच्या लीग सामन्यात व्हॅलेन्सिएनच्या खेळाडूंना सौम्य खेळण्यासाठी पैसे चारल्याचं उघड झालं. ते पैसे एका खेळाडूच्या नातलगांच्या बागेत पुरलेले सापडले. फ्रेंच लीगचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, क्लब खालच्या श्रेणीत गेला, तापी तुरुंगात. युरोपियन चषक तेवढा नावावर राहिला.

दुसरा जॅक वॉकर, आणि त्याची गोष्ट आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचते. ब्लॅकबर्नचाच हा माणूस. पोलादाचा धंदा ३३ कोटी पौंडांना विकला आणि लहानपणापासूनच्या आवडत्या क्लबवर खर्च करू लागला. केनी डॅलग्लिश प्रशिक्षक, शियररसाठी ३३ लाख पौंड, सटनसाठी ५० लाख. दुसऱ्या श्रेणीतलं ब्लॅकबर्न रोव्हर्स १९९५ मध्ये इंग्लंडचं विजेतं झालं, ८१ वर्षांनी. युरोपात मात्र दाणादाण. विजेतेपदाच्या त्याच हंगामात यूएफा चषकात (युरोपातली दुय्यम स्पर्धा) ट्रेलेबोर्ग नावाच्या छोट्याशा स्वीडिश संघाने त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं. चॅम्पियन्स लीगमध्ये ते रोसेनबोर्ग, लेगिया वॉर्सा आणि स्पार्टाक मॉस्को यांच्या गटात तळाला राहिले. मॉस्कोत तर बॅटी आणि ल सो हे त्यांचेच दोन खेळाडू भर मैदानात एकमेकांना भिडले. चाळीसेक सामन्यांच्या लीगमध्ये भारी आक्रमक आणि दमदार खेळ पुरतो. युरोपात सहा सामन्यांत सहा वेगळी कोडी सुटावी लागतात, आणि त्याचा सराव बाजारात विकत मिळत नाही.

वॉकर २००० मध्ये गेला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, पुण्याच्या कुक्कुटपालन व्यवसायातल्या वेंकीज समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. पुण्यात तेव्हा ज्यांनी रोव्हर्सचं नाव कधी ऐकलं नव्हतं, तेही शनिवारी निकाल बघू लागले होते. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, पुढच्या वर्षी परत वर. युरोपचा विषय तिथे कधीच मिटला.

नव्या काळाचा खरा आरंभ २००३ चा. रोमान अब्रामोविचने सुमारे १४ कोटी पौंडांत चेल्सी घेतला. त्यानंतरच्या नऊ हंगामांत चेल्सी सहा वेळा चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. मोनॅकोकडून हरले. लिव्हरपूलकडून दोनदा, त्यातला एक चेंडू रेषा ओलांडून गेला की नाही यावर अजून भांडणं होतात. २००८ मध्ये मॉस्कोत, मालकाच्याच देशात, शूटआउटच्या निर्णायक क्षणी जॉन टेरीचा पाय घसरला. २००९ मध्ये बार्सिलोनाच्या इनिएस्ताने नव्वद मिनिटं उलटल्यावर भरपाईच्या वेळेत गोल केला. मग २०१२. संघ लीगमध्ये सहावा, मुख्य प्रशिक्षकाला मार्चमध्ये नारळ दिलेला, हंगामी प्रशिक्षक दि मात्तेओ, बार्सिलोनात टेरी लाल कार्ड घेऊन बाहेर आणि मेस्सीची पेनल्टी आडव्या खांबाला. अंतिम सामना बायर्नच्या घरच्या मैदानावर, ८८ व्या मिनिटाला द्रोग्बाची बरोबरी, जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी चेकने अडवलेली. असं करत एकदाचं घोडं गंगेत न्हालं. त्या नऊ वर्षांतल्या चेल्सीच्या सगळ्या संघांत हा बहुधा सर्वांत कच्चा संघ होता. सर्वांत पक्का तो २००५ चा, आणि त्याला युरोपात काही मिळालं नाही. नऊ वर्षं, थोरल्या मोराट्टीइतकीच.

धाकट्या मोराट्टीला, मासिमोला, जास्त लागली. १९९५ मध्ये बापाचा क्लब परत घेतला, रोनाल्डो आणला, व्हिएरी आणला, विक्रमी रकमा मोजल्या. चषक आला २०१० मध्ये, आणि तोही आदल्याच वर्षी इब्राहिमोविचला बार्सिलोनाला देऊन एटो आणि वर रोख रक्कम घेतल्यावर. पंधरा वर्षांनी, संघातला सर्वांत मोठा तारा विकल्यावर.

पॅरिसमध्ये हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. मार्च २०१७ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध ४-० ची आघाडी हातात असताना परतीच्या सामन्यात ६-१ ने हरले, आणि उन्हाळ्यात त्याच बार्सिलोनाकडून २२ कोटी २० लाख युरोंना नेमारला घेऊन आले. एम्बाप्पेही आला, १८ कोटींना. २०२० च्या अंतिम सामन्यात त्यांच्याविरुद्ध एकमेव गोल केला किंग्सले कोमानने, जो पॅरिसचाच आणि त्यांच्याच अकादमीतून निघालेला. २०२१ मध्ये मेस्सी आला. तिघं एकत्र, आणि दोन्ही वर्षं पहिल्याच बाद फेरीत गारद. २०२४ मध्ये एम्बाप्पे फुकटात माद्रिदला गेला आणि पुढच्याच मे महिन्यात चषक. दुए, क्वारात्सखेलिया हे काही स्वस्तातले नव्हते, पण लुइस एन्रिकेला आता कुणाच्या मर्जीभोवती संघ रचायचा नव्हता. शिवाय नव्या पद्धतीची मेहेरबानी. साखळीत आठपैकी तीन सामने हरून हा संघ ३६ जणांत पंधरावा आला होता. जुन्या काळी एवढ्यात गाशा गुंडाळावा लागला असता.

मँचेस्टर सिटीचं थोडक्यात सांगतो. अबू धाबीचे शेख मन्सूर २००८ मध्ये आले, चषक आला २०२३ मध्ये. पंधरा वर्षं, त्यातली सात ग्वार्दिओलाची. सिटीच्या मालक-समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्साही घेतला. २०२२ मध्ये मुंबईने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत इराकी संघाला हरवलं, तो कुणाही भारतीय क्लबचा तिथला पहिला विजय.

मधल्या काळात यूएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, दाराला कडी घालायला घेतली होती. मिळवाल तेवढंच खर्चा, या धर्तीचे आर्थिक शिस्तीचे नियम आले. मे २०१४ मध्ये सिटी आणि पॅरिस दोघांना प्रत्येकी ६ कोटी युरोंचा दंड झाला, त्यातले ४ कोटी अटींवर तहकूब. २०२० मध्ये सिटीवर दोन वर्षांची बंदी आली, ती क्रीडा लवादाने रद्द केली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, काहींची मुदत उलटून गेली होती. २०२३ मध्ये प्रीमियर लीगने शंभराहून अधिक आरोप ठेवले, ते क्लबने नाकारले. आता यूएफाचा नियम असा, की खेळाडूंचे पगार, खरेदी आणि दलाली मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत हवा. जे आधी आत शिरले त्यांचं उत्पन्न आता फुगलेलं आहे. उशिरा आलेल्यांनी काय करायचं?

न्यूकॅसल युनायटेड बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने या क्लबचा मोठा हिस्सा घेतला. या निधीइतकी खोल थैली फुटबॉलमध्ये क्वचितच कुणाची असेल. २०२३ च्या शरद ऋतूत चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी घरच्या मैदानावर पॅरिसला ४-१ हरवलं आणि तरीही गटात तळाला राहिले, ब्लॅकबर्नसारखेच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपला सर्वोत्तम आक्रमक, अलेक्झांडर इसाक, त्यांनी साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलला विकला.